पत्र्याखालचा पारा

जानेवारीतल्या पहाटे मीरा रोडच्या शांती नगरातून स्टेशनकडे चालत निघालं, की सोसायट्यांच्या फाटकांशी ओळीने वॉचमन दिसतात. प्लॅस्टिकच्या खुर्चीत पाय वर घेतलेले, कानांवरून मफलर, गणवेशाच्या शर्टावर कुणीतरी दिलेला, बाह्यांना आखूड पडणारा स्वेटर. एखाद्या फाटकाशी पुठ्ठे आणि वाळक्या फांद्या पेटवलेल्या असतात. त्याभोवती पेपर टाकणारी पोरं, झाडूवाली बाई, दुधाचे क्रेट उतरवून आलेला माणूस असे चारपाच जण हात शेकत उभे असतात. वर तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर याच वेळी एकच्या स्पीडवर पंखा फिरत असतो. डासांसाठी म्हणा, सवयीने म्हणा, पण फिरत असतो. ‘आपल्याकडे कुठे थंडी?’ हे वाक्य त्या पंख्याखाली जन्माला आलेलं आहे.

त्या घरापुरतं ते खरंही आहे. अडचण अशी, की शहरातल्या गरिबांच्या हिवाळ्याचा विचार जिथे सुरू व्हायला हवा, तिथेच हे वाक्य तो थांबवतं. गरज नाहीच असं एकदा धरून चाललं की ती मोजायला कुणी जात नाही. मोजली नाही म्हणून ती कागदावर येत नाही, आणि कागदावर नाही म्हणून पुढच्या वर्षीही ती नसतेच. मग डिसेंबर सरताना कुणाला तरी आठवण होते, टेम्पोभर ब्लँकेटं येतात, फोटो निघतात आणि त्या वस्तीचा हिवाळा उरकला असं समजलं जातं. वस्त्यांमधली हिवाळ्याची गरज मोजण्याची आपली मापंच चुकली आहेत, असं माझं ठाम मत आहे. वेधशाळेचा पारा आणि वाटलेल्या ब्लँकेटांचा आकडा या दोन्हींतून ती गरज कळत नाही. ती पत्र्याखाली, पहाटे, माणसाच्या झोपेत आणि छातीत असते.

आधी पाऱ्याचंच घेऊ. सांताक्रूझ वेधशाळेचा आजवरचा नीचांक ७.४ अंशांचा आहे, २२ जानेवारी १९६२ चा. एरवी जानेवारीतलं किमान तापमान सोळा-सतरा अंशांच्या आसपास राहतं. हवामान खात्याच्या व्याख्येत सपाट प्रदेशात पारा १० अंशांवर किंवा त्याखाली गेल्याशिवाय थंडीच्या लाटेची गोष्टच निघत नाही. किनाऱ्यासाठी निकष थोडा सैल आहे, तरी सरासरीपेक्षा चारसाडेचार अंशांची घट हवीच. त्यामुळे मीरा-भाईंदरसारख्या खाडीकाठच्या शहरात वर्षामागून वर्षं लाटेविना जातात. आपल्या वर्तमानपत्रांतही थंडी म्हणजे निफाडचा घसरलेला पारा, द्राक्षबागांत पेटवलेल्या शेकोट्या आणि महाबळेश्वरला गोठलेलं दव. २०१२ पासून थंडीची लाट केंद्र सरकारच्या नैसर्गिक आपत्तींच्या यादीत आहे. पण त्या यादीला लाट लागते. सत्तरीच्या माणसाच्या छातीला लाट लागत नाही, चार रात्रींचा गारठा पुरतो.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासाने १३ देशांतल्या ३८४ ठिकाणचे ७ कोटी ४० लाख मृत्यू तपासले. त्यांतल्या ७.२९ टक्के मृत्यूंचा संबंध थंडीशी लागला, उष्णतेशी ०.४२ टक्के. आणि थंडीच्या वाट्याचे बहुतेक मृत्यू कडाक्याच्या थंडीतले नव्हतेच, ते साध्या, मध्यम गारठ्यातले होते. भारतातल्या ‘मिलियन डेथ स्टडी’च्या नोंदींवर बेतलेल्या २०१८ च्या अभ्यासाचा कलही असाच निघाला. पक्षाघात, हृदयविकार आणि श्वसनाचे आजार यांत मध्यम थंडीचा वाटा कडक थंडीपेक्षा मोठा दिसला. यात आश्चर्य वाटायला नको. कडाका वर्षातून दोनचार दिवस येतो, मध्यम गारठा महिनाभर मुक्कामाला असतो. शिवाय जिथे थंडी ‘नसते’ तिथली घरं, कपडे आणि दवाखाने तिच्यासाठी तयार नसतात.

तयार नसलेलं घर म्हणजे काय, हे पत्र्याखाली एक रात्र काढली तरच कळतं. पत्रा दिवसा जितक्या लवकर तापतो तितक्याच लवकर रात्री निवतो. निरभ्र आकाशाखाली तो आपली उष्णता सोडत राहतो आणि पहाटेपर्यंत भोवतालच्या हवेहूनही थंड होतो. मग आतल्या श्वासांची, ओल्या कपड्यांची, चुलीवरच्या पाण्याची वाफ त्याला खालून चिकटते आणि थेंब धरून टपटपते. खाडी, खाजण आणि मिठागरांच्या शेजारी हवेत मुळातच ओल, त्यामुळे हे दव जास्तच. अंथरूण खालूनही ओलं असतं, कारण फरशीखाली भराव आणि भरावाखाली पाणथळ जमीन. म्हणजे वेधशाळा सोळा अंश सांगते त्या रात्री या घरात माणूस ओल्या पांघरुणात, थंड जमिनीवर, फटींतून येणाऱ्या वाऱ्यात झोपलेला असतो. सोळा हा आकडा त्याच्या रात्रीबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. भाईंदर पश्चिमेचं गणेश देवल नगर, पूर्वेचं आझाद नगर, पेणकरपाडा, काशिमीऱ्याकडचे पाडे, हायवेलगतच्या बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या, पुलाखालचे ताडपत्रीचे आडोसे: प्रत्येकाचा पारा वेगळा. विटेच्या भिंतीचं खोपटं आणि जुन्या फ्लेक्सची भिंत यांतला फरक अंशांत मोजता येतो, पण मोजायला कुणी थर्मामीटर घेऊन गेलेलं नसतं. शंभरदोनशे रुपयांना मिळणारं हे साधं उपकरण दहा झोपड्यांत आठवडाभर टांगलं, तर या लेखातल्या निम्म्या वादाचा निकाल लागेल.

आपल्या राज्याच्या दयेचंही एक पंचांग आहे, आणि त्यात हिवाळा नाही. १९८५ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस खटल्यात मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांच्या बाजूने एक मोठी गोष्ट मान्य केली: जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. झोपड्या हटवायला मनाई मात्र केली नाही. फक्त पावसाळा जाऊ द्या, ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबा, असं सांगितलं. पावसात माणसाला उघड्यावर काढू नये, ही जाण तिथे होती आणि पुढे महाराष्ट्र शासनाच्या धोरणातही ती आली. ती योग्यच आहे. पण तिचा दुसरा अर्थ असा, की पाडकामाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. ज्या रात्री अंगावर छप्पर हवं त्याच रात्रींसाठी जेसीबी मोकळा होतो. पावसाळ्यात घर मोडणं क्रूर, हे आपण शिकलो. डिसेंबरात तान्ह्या बाळासकट घर मोडण्याबद्दल असं काही शिकलो नाही, कारण ‘आपल्याकडे कुठे थंडी’. हिवाळ्याच्या गरजेचं मूल्यमापन करणाऱ्याने म्हणूनच पहिला प्रश्न पालिकेलाच विचारावा: नोव्हेंबर ते फेब्रुवारीत कोणत्या वस्तीवर कारवाई ठरली आहे? एका कारवाईने जितकी माणसं गारठतात तितक्यांना ऊब द्यायला अनेक टेम्पो लागतात.

आणि शांती नगराला तर या बाबतीत बोलायचा विशेष अधिकार आहे. हे नगर ज्यांनी वसवलं त्या शांतीस्टार बिल्डर्सच्या नावाने १९९० चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल कायद्याच्या पुस्तकांत आहे. नागरी जमीन कमाल धारणा कायद्यातून सूट दिलेल्या जमिनीवर दुर्बल घटकांसाठी घरं बांधायची, तर दुर्बल कोण आणि घराची किंमत किती, असा तो वाद होता. न्यायालयाने त्या निमित्ताने सांगितलं, की जगण्याच्या हक्कात अन्न, वस्त्र, चांगला परिसर आणि राहण्यायोग्य निवारा हे सगळं येतं. जनावराला निवारा लागतो तो अंग झाकण्यापुरता. माणसाचा निवारा असा हवा की ज्यात तो शरीराने, मनाने आणि बुद्धीने वाढेल. वस्त्र आणि निवारा एकाच हक्कात एकत्र मांडणारा हा विचार ज्या वादातून आला, त्याच्याशी या नगराचं नाव जोडलेलं आहे. मला हे वाचताना नेहमी वाटतं, की हिवाळ्याची गरज म्हणजे नेमकं हेच. कपडा आणि घर यांच्यामधली जागा. घर जितकं कमी पडतं तितकं कपड्याला पुरं पडावं लागतं, आणि कपडाही कमी पडला की उरतं ते फक्त शरीर.

ज्यांना घरच नाही त्यांच्यासाठी मोजमाप ठरलेलं आहे. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक रात्रनिवारा असावा असं बजावलं, आणि पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने तेच प्रमाण धरून बारमाही निवाऱ्यांची योजना आणली. २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या ८ लाख ९ हजार होती. म्हणजे त्या आकड्यानेच आठ निवारे व्हायला हवेत, आणि शहर त्यानंतर किती वाढलं हे लोकलमधून उतरणारा कुणीही सांगेल. त्याच जनगणनेने देशातल्या बेघरांची संख्या १७ लाखांच्या पुढे दाखवली. ती मोजणी झाली एका रात्रीत, २८ फेब्रुवारीच्या रात्री. रात्री मोजायचं हे शहाणपण त्यात होतं. पण फेब्रुवारीच्या अखेरीला आपल्याकडे उकडायला लागतं. डिसेंबरात आडोसा शोधणारी माणसं तेव्हा आकाशाखाली पांगलेली असतात. हिवाळ्याची मोजणी हिवाळ्यात व्हावी, ही मागणी इतकी साधी आहे की ती करावी लागते याचंच वाईट वाटतं.

आता ब्लँकेटांकडे येतो. वाटणाऱ्यांबद्दल माझ्या मनात आदर आहे. उघड्यानागड्याला वस्त्र आणि बेघराला आसरा ही दोन्ही कामं गाडगेबाबांनी देवपूजेच्या जागी बसवली, आणि २० डिसेंबर, म्हणजे त्यांची पुण्यतिथी, ऐन थंडीतच येते. ‘गूंज’ संस्थेच्या अंशू गुप्तांनी १९९९ पासून एक गोष्ट लावून धरली आहे: कपडा ही दानाची उरलीसुरली वस्तू नाही, ती गरज आहे आणि तिचा विचार अन्नाइतक्याच गांभीर्याने व्हायला हवा. मला ब्लँकेट नको आहे असं नाही. ब्लँकेट हे उत्तर आहे, आणि आपण प्रश्न विचारायच्या आधीच ते घेऊन जातो, एवढीच माझी तक्रार.

प्रश्न विचारला असता तर कळलं असतं, की अनेक घरांत पांघरूण आहे, अंथरूण नाही. अंगातली ऊब जमिनीत जाते. वर दोन ब्लँकेटं आणि खाली उघडी फरशी अशी झोप उबेची नसते. तिथे जाड चटई, पुठ्ठा किंवा ताडपत्रीवर वाकळ असेल तर एका पांघरुणातही भागतं. कळलं असतं की ओलं झालेलं लोकरीसारखं ब्लँकेट दहा बाय दहाच्या खोलीत वाळवायला जागा नसते, म्हणून ते मार्चआधीच कुबट होतं आणि जूनमध्ये फेकलं जातं. बायकांच्या हातची जुन्या लुगड्यांची गोधडी धुता येते, वाळते, उसवली तर पुन्हा शिवता येते. कळलं असतं की धुणीभांडी करणाऱ्या बाईला ब्लँकेटपेक्षा गरम पाण्याची गरज जास्त आहे. पहाटे सार्वजनिक नळावर तिच्या पायावर थंड पाणी, सात वाजता शांती नगरातल्या पाच घरांच्या सिंकमध्ये हातांवर थंड पाणी, आणि त्या हातांच्या भेगा आपण रोज पाहतो. सिलिंडर संपवून अंघोळीचं पाणी तापवणं तिला परवडत नाही. आणि कळलं असतं की संडास लांब असल्यामुळे म्हातारी माणसं संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत, रात्री थंडीत उठायला नको म्हणून. हे दुखणं हिवाळ्याचंच आहे, पण ते ब्लँकेटाच्या हिशेबात येत नाही.

ऊब मिळवण्याच्या धोक्यांचीही तीच गत. थंडी वाढली की शेकोटीत लाकडाबरोबर प्लॅस्टिक, रबर, रंगवलेल्या फळ्या, जे हाताला लागेल ते जातं. हिवाळ्यात वारा पडतो, धूर खालीच साचतो, आणि आधीच बांधकामांच्या धुळीने भरलेली हवा लहान मुलांच्या छातीत जाते. दार लावून आत कोळशाची शेगडी ठेवली तर विषारी वायूने झोपेतच जीव जाऊ शकतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये भाईंदर पूर्वेच्या आझाद नगर वस्तीत पहाटे लागलेल्या आगीने दाखवलं, की एकमेकांना चिकटलेल्या या घरांत ज्वाळा किती वेगाने पळतात. त्या आगीचं कारण काहीही असो, जिथे ऊब मिळवण्याचं एकमेव साधन विस्तव आहे तिथे विस्तवाची चौकशी हा हिवाळ्याच्या पाहणीचा भाग असलाच पाहिजे.

मग ही पाहणी करायची कुणी आणि कशी? याचं उत्तर बाहेरून आणायची गरज नाही, महाराष्ट्राने ते दोनदा शोधलेलं आहे. एकदा मुंबईत. १९८५ मध्ये, ओल्गा टेलिसच्याच वर्षी, ‘स्पार्क’ संस्थेने भायखळ्याच्या भागातल्या पदपथांवरच्या सुमारे सहा हजार कुटुंबांची गणना केली आणि अहवालाला नाव दिलं ‘वी, द इनव्हिजिबल’, म्हणजे आम्ही, न दिसणारे. पुढे जॉकिन अर्पुतम यांचा झोपडपट्टीवासीयांचा महासंघ आणि ‘महिला मिलन’च्या बायका यांनी स्वतःच्या वस्त्या स्वतः मोजण्याची पद्धत घडवली आणि ती इतर देशांतल्या वस्त्यांनी उचलली. वस्तीतली बाई मोजायला बसली की पोटमाळ्यावरचा भाडेकरू सुटत नाही, रात्रपाळीवाला सुटत नाही, नवऱ्याने टाकलेली आणि कुणाच्या तरी ओट्यावर झोपणारी सुटत नाही.

दुसऱ्यांदा गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. त्या घरी जायच्या, बाळाचं तापमान घ्यायच्या, वजन करायच्या, बाळ गार पडलं तर त्याला उबदार पिशवीत ठेवायच्या. १९९९ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं होतं. त्या सगळ्या कामात थंडी हा एक भाग होता, पण आपल्या विषयासाठी तो फार बोलका आहे. विदर्भासारख्या उन्हाने भाजणाऱ्या मुलखात बाळं गार पडतात हे मोजल्याशिवाय कुणाला पटलं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते नवजात बाळाचं तापमान ३६.५ अंशांखाली गेलं की ते गार पडलं. त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही. बाळ ओलं राहिलं आणि खोलीत वारा लागला तरी पुरतं. मीरा-भाईंदरच्या आशा सेविकेकडे आज तिच्या भागातल्या गरोदर बायकांची आणि तान्ह्या बाळांची नोंद असते. हिवाळ्याच्या पाहणीचं अर्धं काम तिच्या वहीत आधीच झालेलं आहे. तिला त्याचा वेगळा मोबदला द्यायला हवा, हेही इथेच लिहून ठेवतो, कारण हे काम फुकटात तिच्या गळ्यात पडण्याची शक्यता मला सर्वांत जास्त दिसते.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की पैसा थोडा आणि संकटं बरीच. मुंबईच्या वस्त्यांना खरा मार पावसाचा आणि उन्हाळ्याचा, मग हिवाळ्याचं वेगळं खातं कशाला? आक्षेपात तथ्य आहे. पण वस्तीत छप्पर एकच असतं. २०१३ मध्ये अहमदाबादने उष्णता कृती आराखडा केला तेव्हापासून छपराला पांढरा रंग देण्याची शिफारस सगळीकडे होते. तो रंग उन्हात उपयोगी पडतो. हिवाळ्याच्या रात्री मात्र उपयोग होतो तो पत्र्याखाली बसवलेल्या तट्टीचा, मधल्या हवेच्या थराचा, आणि तोच मे महिन्यातही कामी येतो. हिवाळा मोजला नाही तर आपण उन्हाळ्यावरचा उपायही अर्धाच निवडू. दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो: वस्त्यांमध्ये पाहण्या खूप झाल्या, लोक नावं सांगून दमले, मिळालं काही नाही. काशिमीऱ्याच्या जनता नगर आणि काशी चर्च वस्त्यांतल्या लोकांनी पुनर्वसनाच्या घरांची वाट वर्षानुवर्षं पाहिली आहे. यादीत नाव असणं आणि हातात चावी असणं यांतलं अंतर त्यांना कुणी शिकवायला नको. म्हणून पाहणी छोटी हवी आणि तिची तारीख ठरलेली हवी. दिवाळीनंतरच्या आठवड्यात विचारायचं आणि डिसेंबर लागायच्या आत द्यायचं. जे देता येणार नाही ते विचारायचंच नाही. विचारलेल्या प्रत्येक घराला ‘तुमच्यासाठी हे होईल, हे होणार नाही’ असं तोंडावर सांगायचं. आणि मूळ वही वस्तीतल्या बचत गटाकडे ठेवायची, संस्थेने हवी तर तिची झेरॉक्स न्यावी. पुढच्या नोव्हेंबरात दुसरी कुठली संस्था आली तर तिने आधी ती वही वाचावी.

त्या वहीत एक रकाना मी आग्रहाने मागेन. घरात पाच माणसं आणि तीन पांघरुणं अशी नोंद पुरेशी नाही, कारण पाचांतला एक रात्री घरी नसतो. तो शांती नगरातल्या एखाद्या सोसायटीच्या फाटकाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत असतो. घरातलं पांघरूण तो निघताना बायकोमुलांच्या अंगावर टाकून येतो. तेव्हा त्याच्या नावापुढे फाटकाचा पत्ता लिहावा, आणि त्या सोसायटीच्या सेक्रेटरीला जाऊन विचारावं, की खुर्चीमागे वारा अडवणारी तीन बाजूंची केबिन बांधायला काय खर्च येईल, आणि मजल्यांवरच्या बत्तीस घरांत तो वाटला तर दर घराला किती पडेल.